एका पायावर घेतलेलं नाव

आमच्या नात्यात मला अजून 'मालिशवाली' म्हणतात. साडेचार वर्षं पदवी, त्यावर दोन वर्षं पदव्युत्तर, आणि तरी कुठल्याही लग्नात गेलं की चंद्रप्रकाशमामा बूट काढून पाय पुढे करतो. "बघ गं जरा, टाच धरलीय." मी फिजिओथेरपिस्ट आहे हे त्याला सांगून सांगून माझा घसा धरलाय. म्हणून जुहूच्या आंतरराष्ट्रीय परिषदेची मेल आली, की तुमचा शोधनिबंध निवडला आहे, येऊन सादर करा, तेव्हा मी ती आधी घरच्या ग्रुपवर टाकली आणि मग शेजारी बसलेल्या आईला सांगितलं. तेवीस देशांतले फिजिओथेरपिस्ट येणार होते. मामाने अंगठा पाठवला आणि खाली लिहिलं, "पंचतारांकित मालिश. झकास."

तेव्हाच मी ठरवलं, की त्या स्टेजवर अशी उभी राहीन की हा माणूस पुन्हा माझ्यासमोर बूट काढणार नाही.

आमचं क्लिनिक दहिसर पूर्वेला आहे. आमचं म्हणजे माझं आणि ओजसचं. ओजस कॉलेजपासूनचा मित्र. मी जिथे चिडते तिथे तो तक्ता काढतो, म्हणून आमची भागीदारी टिकली आहे. एका बाजूला पिठाची गिरणी, दुसऱ्या बाजूला झेरॉक्सवाला, मध्ये आम्ही. गिरणी चालू झाली की आमची भिंत थरथरते आणि नवीन पेशंटला वाटतं, मशीन लावलंय.

साठी ओलांडलेल्या बायकांसाठी आम्ही एक वर्ग चालवतो. पडू नये म्हणून करायचे व्यायाम. त्यातला मुख्य म्हणजे एका पायावर उभं राहणं. समोर कठडा असतो, पण हात लावायचा नाही, आणि तीस आकडे मोजेपर्यंत पाय टेकायचा नाही. आता आमच्या बायका तीस आकडे आठ सेकंदांत मोजतात. सतरा ते चोवीस हे आकडे तर दहिसरमध्ये अस्तित्वातच नाहीत. ओरडून झालं, समजावून झालं. "अगं, मोजले ना तीस," असं म्हणून त्या चपला शोधायला लागतात.

एकदा नीलाकाकू अशाच सतराव्या आकड्यावरून थेट पंचविसाव्यावर गेल्या, तेव्हा ओजस वैतागून म्हणाला, "काकू, आकडे राहू द्या. नाव घ्या." तो गंमत करत होता. काकू गंमत करत नव्हत्या. त्यांनी एका पायावर उभं राहून असा उखाणा घेतला की त्यात लोणावळ्याची सहल, मुलाचं ॲडमिशन आणि गुडघ्याचं ऑपरेशन एवढं सगळं आलं, आणि नवऱ्याचं नाव अगदी शेवटी. ओजसने सवयीने घड्याळ लावलं होतं. सव्वीस सेकंद. आदल्या दिवशी त्याच बाई नऊ सेकंदांत कठड्याला चिकटल्या होत्या.

मला त्यातली गोम तिथल्या तिथे कळली. आकडे मोजताना बाईचं लक्ष पायाकडे असतं, आणि पायाकडे लक्ष गेलं की पाय डगमगतो. उखाण्यात लक्ष पुढच्या शब्दाकडे असतं. शिवाय सगळ्या ऐकत असतात, आणि नाव यायचं असतं. नाव येईपर्यंत कुठलीच बाई पाय टेकत नाही. मी ओजसला म्हटलं, "यार, हा पेपर आहे."

मग आम्ही रीतसर अभ्यास केला. चाळीस बायका, दहा आठवडे. चिठ्ठ्या टाकून दोन बॅचा पाडल्या. सकाळच्या बॅचने उखाणा घ्यायचा, संध्याकाळच्या बॅचने आकडे मोजायचे, तेही टिक्‌टिक्‌ वाजणाऱ्या यंत्राबरोबर, म्हणजे लबाडी नको. सकाळी आमच्याकडे नुसता धुमाकूळ असायचा. बायका रात्री उखाणे रचून आणायच्या, झेरॉक्सवाल्याकडून मोठ्या अक्षरांत छापून घ्यायच्या. एकीने नवऱ्याच्या नावाआधी मोनो, मेट्रो आणि कोस्टल रोड असं सगळं घातलं. दहा आठवड्यांनी सकाळच्या बायका सरासरी एकवीस सेकंद उभ्या राहत होत्या आणि संध्याकाळच्या बारा. मी आनंदाने वेडी व्हायची बाकी होते. पेपर पाठवला, निवडला गेला, आठ मिनिटं सादरीकरण आणि चार मिनिटं प्रश्न, रविवारी सकाळी अकरा चाळीसला.

त्या रविवारच्या आधीच्या मंगळवारी दुपारी ओजस स्लाइड बनवत होता. वय, वजन, याआधी किती वेळा पडल्या, असा तक्ता. परिषदेच्या नमुन्यात आणखी एक रकाना होता, वैवाहिक स्थिती. तो भरता भरता ओजस थांबला आणि रजिस्टर उघडून बसला.

"रुचिरा, इकडे ये जरा. संध्याकाळच्या एकोणीस बायका बघ."

"काय झालं त्यांना?"

"एकोणीसच्या एकोणीस विधवा आहेत."

मी म्हटलं, असं कसं होईल, चिठ्ठ्या टाकल्या होत्या. मग आठवलं. चिठ्ठ्या टाकल्यावर पहिल्या आठवड्यात एकेक जण येऊन वेळ बदलून मागत होती. कुणाला सकाळी पाणी भरायचं होतं, कुणाच्या नातवाची स्कूलबस होती, कुणाची मोलकरीण आठला यायची. संध्याकाळच्या काही जणी तशाच सकाळी सरकल्या होत्या. आम्ही मोठ्या मनाने बदलून दिलं. आणि त्यातली एक माझी आई होती. "सकाळी ऊन लागतं गं," म्हणाली होती. जानेवारीत. आणि मी, दोन डिग्र्या घेतलेली मुलगी, रजिस्टरमध्ये कारण म्हणून 'ऊन' लिहिलं होतं.

नवरा गेलेल्या बाईने उखाणा घ्यायचा नसतो, हे आम्हाला माहीत नव्हतं असं नाही. लहानपणापासून हळदीकुंकवाला ते बघत आलो होतो. पण कुणी ते बोलत नाही, म्हणून आम्हालाही ते दिसलं नाही. बाहेरच्या देशातल्या माणसाकडून ही चूक झालीच नसती, त्याला उखाणाच माहीत नाही. ती आमच्याकडूनच व्हायची होती. आता पेपरचा अर्थ एवढाच उरला, की नवरा असलेल्या बायका जास्त वेळ उभ्या राहतात. त्यासाठी जुहूला जायची गरज नव्हती.

"वाट लागली," मी म्हटलं. "मागे घेऊ या."

ओजसने चार रंगांची पेनं काढली. पंधरा मिनिटांनी त्याने कागद माझ्यापुढे सरकवला. संध्याकाळच्या बायकांचंच पुन्हा मोजायचं. तीच बाई, तोच पाय, तोच दिवस. एकदा आकडे मोजून, एकदा उखाणा घेऊन, आधी कुठलं ते चिठ्ठीने. प्रत्येकीची तुलना तिच्या स्वतःशीच, म्हणजे विधवा की सवाष्ण हा प्रश्नच मिटला.

"पण एक अट आहे," तो म्हणाला. "एकोणीसच्या एकोणीस हव्यात. एक जरी गाळली तर लोक म्हणणार, जी यांच्या मताविरुद्ध गेली ती गाळली. आणि गाळलेली बाई पेपर सादर करणाऱ्या मुलीची आई निघाली तर विचारूच नकोस."

मी विचारलं, उखाण्याऐवजी श्लोक चालेल का. तो म्हणाला, श्लोक पाठ असतो, तोंड आपोआप चालतं. आणि मलाही माहीत होतं, की श्लोकात शेवटी कुणाची वाट बघायची नसते.

बुधवारी संध्याकाळी सगळ्या जमल्यावर मी उभी राहून सांगितलं, की आमची चूक झाली, कशी झाली, आणि आता काय हवंय. बोलताना माझे कान तापले होते. पलीकडे गिरणी चालू होती. मग रत्नप्रभाकाकू खुर्चीतून उठल्या. वय एकाहत्तर, माहेर मालवणकडचं, यजमान धोंडिराम लालबागच्या कापड गिरणीत होते, ती बंद पडल्यावर इथे दहिसरला वॉचमन झाले आणि अकरा वर्षांपूर्वी गेले.

"तुमका कोणी सांगितला, आमका जमूचा नाय म्हणून?" काकूंनी विचारलं.

"कुणी नाही, काकू. पण तुम्हीच वेळ बदलून घेतलीत."

"घेतलंव. सकाळी त्या सगळ्यो नावां घेतल्यानी आणि आमी भिंतीक टेकान उभ्या रवतलंव, ता बरा दिसता? पण तू इचारलंस खंय?" त्या कठड्याशी गेल्या, पदर खोचला आणि ओजसला म्हणाल्या, "लाव रे घड्याळ."

पाय उचलला. तसंच उभं राहून बराच वेळ ओठांतल्या ओठांत शब्द जुळवले. मग म्हणाल्या,

"बांगड्याच्या तिखल्यात घातलंय तिरफळां,
धोंडिराम वयरसून ऐकतत माझां बोलणां सगळां."

एकतीस सेकंद. आकड्यांवर त्या कधी तेराच्या पुढे गेल्या नव्हत्या. पाय टेकल्यावर त्या वर बघून म्हणाल्या, "ऐकलास मां?" आणि पहिल्यांदा कुणीतरी फिसकन हसलं, मग सगळ्याच हसल्या.

त्यानंतर जे झालं ते मला अजून धड सांगता येत नाही. रांग लागली. सकाळच्या बायकांनी दहा आठवड्यांत जेवढा दंगा केला नसेल तेवढा या एकोणीस जणींनी एका संध्याकाळी केला. यांच्याकडे मालही जास्त होता, कारण यांचे नवरे घरी गेल्यावर चिडणार नव्हते. दर्शनाताई, वय अडुसष्ट, अत्यंत सोज्वळ बाई, कपाळाला घाम येईपर्यंत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या,

"रिमोट माझ्या हातात, सोफा माझा अख्खा,
जयवंतरावांचं घोरणं नाही, नुसताच फिरतो पंखा."

कुणी हसता हसता रडली, कुणी रडता रडता उखाणा चुकली आणि पुन्हा घेऊ द्या म्हणून ओजसशी भांडली. एकीने नवऱ्याला उखाण्यात चांगलंच झापलं, सत्तावीस सेकंद झापलं, आणि नाव घेतल्यावर म्हणाली, "हलकं वाटलं." झेरॉक्सवाला काय झालं म्हणून बघायला आला आणि तिथेच थांबला. रात्री आठपर्यंत अठरा नोंदी झाल्या. सगळ्यांचे सेकंद वाढले होते, अगदी एकजात.

एकोणिसावी सुलक्षणा, म्हणजे माझी आई. ती कोपऱ्यात पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. माझ्याकडे बघून म्हणाली, "मी घरी जाते, कुकर लावायचाय."

घरी मी तिच्यावर चिडले. मला चिडायला वेळ लागत नाही. म्हटलं, रत्नप्रभाकाकूंना जमलं, तुला लोक काय म्हणतील याची पडली आहे. तू तीस वर्षं शाळेच्या ऑफिसात नोकरी केलीस, तू कधीपासून असलं मानायला लागलीस. माझा पेपर तुझ्यामुळे अडणार आहे, कळतंय का तुला.

आई भाजी चिरत होती. "मी काही मानत नाही," ती म्हणाली. "लग्नात मला उखाणा घ्यायला लावला. मी पहिली ओळ म्हटली आणि नाव आलं तेव्हा खोकले."

"म्हणजे?"

"म्हणजे लाज वाटली, म्हणून खोकला काढला. सगळे हसले. तुझे बाबा आयुष्यभर म्हणायचे, माझं लग्न खोकल्याशी लागलंय. एकदा घे की गं नाव, म्हणायचे. आठवड्याला एकदा तरी म्हणायचे. मी म्हणायची, घेईन सावकाश, कुठे पळून चाललंय." तिने चिरलेली भाजी पाण्यात टाकली. "आता तुझ्या त्या घड्याळासमोर घेऊ? त्यांनी मागितलं तेव्हा दिलं नाही, आणि पेपरला देऊ?"

बाबा गेले त्याला आठ वर्षं झाली होती, आणि हे मला कुणी सांगितलं नव्हतं. खूप वाईट वाटलं. त्याचबरोबर, खरं सांगायचं तर, एकोणिसावा रकाना रिकामा राहणार याचंही वाईट वाटलं. दोन्ही एकदम वाटलं आणि मी जेवले नाही.

रविवारी आई जुहूला आली, पण साडीसाठी. मला साडी नेसता येत नाही, आणि ओजसने मुद्दाम बजावलं होतं, की सलवार-कमीजमध्ये आलीस तर स्वयंसेविका समजून पाणी मागतील. घरून नेसून निघाले ती गाडीतच सुटली. हॉटेलच्या खालच्या मजल्यावर लेडीज रूम होती, आमच्या अख्ख्या क्लिनिकपेक्षा मोठी. आईने मला आरशासमोर उभं केलं, खाली बसून निऱ्या केल्या, पिना तोंडात धरल्या. अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती. मी पाठ केलेलं सगळं विसरले होते. बाहेरून ओजस दर मिनिटाला दार वाजवत होता.

"ओजस काय म्हणाला, एकोणीस नसतील तर?" आईने पिनांच्या आडून विचारलं.

"आई, जाऊ दे. अठरा तर अठरा. मी सांगेन, एका बाईने नाही म्हटलं. तिचा हक्क आहे तो."

शेवटची पिन लावून ती गुडघ्यावर हात ठेवून उठली. पदर सारखा केला, माझा आणि मग स्वतःचा. पर्स बेसिनजवळ ठेवली. "घड्याळ आहे ना तुझ्याकडे?"

ओजसने माझ्या गळ्यात सकाळीच अडकवलं होतं. मी ते हातात घेतलं. आई संगमरवरी फरशीवर मध्यभागी गेली, आजूबाजूला धरायला काही नाही अशा जागी, आणि तिने उजवा पाय उचलला.

तेवढ्यात दार उघडून एक गोरी बाई आत आली. गळ्यात परिषदेचं कार्ड, पांढरे केस. लेडीज रूममध्ये एक म्हातारी एका पायावर उभी आहे आणि समोर पोरगी घड्याळ धरून उभी आहे, हे बघून दुसरी कुणी असती तर पळाली असती. ही फिजिओथेरपिस्ट होती. तिने हातातली बॅग खाली टाकली, आईच्या मागे जाऊन उभी राहिली आणि तोल गेला तर सावरायला दोन्ही हात पसरले. जगात कुठेही आम्ही असेच हात पसरतो. मला हसू फुटणार होतं.

आईला ती दिसलीच नाही. ती आरशात बघत होती, पण स्वतःकडे नाही. पाय हवेत होता, थोडा थरथरत होता, आणि ती काहीच बोलत नव्हती. मला वाटलं आता खोकेल. मग ती अगदी साध्या आवाजात, कुणाला तरी जेवायला बोलवावं तसं म्हणाली,

"बत्तीस वर्षं मागितलंत, हसून टाळलं नुसतं,
शरच्चंद्र, घेतलं बघा नाव, एवढंच तर असतं."

आणि नाव घेऊनही पाय टेकला नाही. तशीच उभी राहिली. त्या बाईचे हात तिच्या मागे पसरलेलेच. किती वेळ ते मला माहीत नाही. मग तिने पाय हळूच खाली ठेवला, पर्स उचलली आणि विचारलं, "किती?"

मी हातातल्या घड्याळाकडे पाहिलं. त्यावर चार शून्यं होती. मी बटण दाबलंच नव्हतं.

स्टेजवर मी आधी चूक सांगितली. बॅचा कशा बदलल्या, आम्हाला कसं दिसलं नाही, 'ऊन' लिहिलेलं ते रजिस्टरचं पानसुद्धा दाखवलं. मग उखाणा म्हणजे काय ते सांगितलं, रत्नप्रभाकाकूंचा एकतीस सेकंदांचा व्हिडिओ लावला, आणि 'ऐकलास मां' ला तेवीस देश भाषांतराशिवाय हसले. माझी भीती तिथे गेली. आकड्यांवर सरासरी अकरा सेकंद, उखाण्यावर चोवीस. मी अशी बोलत होते की ओजस पहिल्या रांगेत पेनं खिशात घालून नुसता बघत बसला होता.

प्रश्नांच्या वेळी डेन्मार्कचा एक उंच माणूस उठला. आवाज सभ्य, प्रश्न सरळ. तुमच्या पहिल्या तक्त्यात एकोणीस बायका आहेत, शेवटच्या तक्त्यात अठरा. एक कुठे गेली? का गाळली?

ओजसने बुटांकडे पाहिलं. 'तिने भाग घेतला नाही' असं एक वाक्य मी तयार ठेवलं होतं. ते आता खोटं झालं होतं.

"गाळली नाही," मी म्हटलं. "ती उभी राहिली. आज सकाळी, इथेच, खालच्या मजल्यावर. उखाणाही पूर्ण घेतला. घड्याळ परीक्षकाच्या हातात होतं आणि परीक्षकाने ते चालू केलं नाही. चूक परीक्षकाची. परीक्षक मी होते, आणि ती माझी आई आहे."

सभागृहात हशा पिकला, पण चांगला, आपल्यातल्याच माणसाला हसतात तसा. त्यांच्यातल्या प्रत्येकाने आयुष्यात एकदा तरी ते बटण दाबायचं विसरलेलं असणार. डेन्मार्कवालाही हसला. मग म्हणाला, मग अवघड काय आहे, आई इथे असतील तर आताच पुन्हा मोजता येईल, आपण सगळे साक्षीदार आहोत. मागून कुणीतरी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. ओजसने आशेने मान वर केली. एकोणीसच्या एकोणीस, तेवीस देशांसमोर.

मी तिसऱ्या रांगेत आईकडे पाहिलं. तिला इंग्रजी कळतं. तिने मान हलवली, नाही म्हणून, आणि माझ्याकडे असं बघितलं की मला आणखी काही विचारायचं राहिलं नाही.

"नाही," मी माइकवर म्हटलं. "ते एकदाच होतं. ते माझ्या बाबांसाठी होतं."

टाळ्या थांबल्या. डेन्मार्कच्या माणसाने वही मिटली आणि तो खाली बसला, आणि मी भर सभागृहात, नेसवलेल्या साडीत, तेवीस देशांना ऐकू जाईल असं माइकवर नाक ओढलं.